प्रॉपर्टी एजंटांचा मॅनेजर दिवसभर करतो काय?

फ्लॅट बघायला गेलं की आपल्याला भेटतो तो एजंट. तो दुचाकीवरून येतो, किल्ल्यांचा जुडगा काढतो, दिवा लागत नसला तर मोबाइलचा टॉर्च लावून किचन दाखवतो. त्याच्या मागे ऑफिसात एक मॅनेजर असतो, आणि त्याची-आपली गाठ सहसा काही बिनसलं तरच पडते. मी पुण्यात अकरा वर्षं हे मॅनेजरचं काम करतेय. त्याआधी पाच वर्षं स्वतः एजंट होते, वाकड-हिंजवडीचे रस्ते पालथे घातलेत.

मॅनेजर म्हणजे टार्गेट देणारा आणि महिनाअखेर आली की आवाज चढवणारा माणूस, असा समज बाहेर आहे, आमच्या धंद्यात तर आहेच. इतक्या वर्षांनंतर मला हे काम एका वाक्यात सांगता येतं: एजंट गिऱ्हाइकासमोर जे बोलतो ते खरं असेल, ही काळजी मॅनेजरने घ्यायची. प्रशिक्षण, देखरेख, पगाराचं गणित, भांडणं मिटवणं ही बाकीची कामं तिथूनच निघतात. कशी, ते नीट सांगते. या धंद्यात येऊ बघणाऱ्यांना उपयोग होईल, आणि घर घेणाऱ्यांना आपल्यासमोरचा एजंट किती पाण्यात आहे ते ओळखता येईल.

आधी कायदा, कारण जबाबदारी नेमकी कुणाची हे तिथे लिहिलेलं आहे. रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंट दोघांनाही नियम घालून देणारा कायदा, २०१६ चा. १ मे २०१७ पासून तो पूर्ण लागू झाला आणि त्याच वर्षी आपल्याकडे त्याची अंमलबजावणी बघणारं महारेरा हे प्राधिकरण आलं. त्याआधी एजंट व्हायला काहीच लागत नव्हतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, सोसायटीचा वॉचमन, कुणीही रूम दाखवायचा आणि मधले पैसे घ्यायचा. रेराच्या कलम ९ प्रमाणे आता नोंदणी नसलेल्या एजंटाला रेरा प्रकल्पातलं घर विकून देता येत नाही. कलम १० मध्ये त्याने काय करायचं आणि काय नाही हे दिलंय: नोंदणी नसलेला प्रकल्प विकायचा नाही, हिशेबाची वह्या-कागदपत्रं ठेवायची, नसलेली परवानगी किंवा सोय 'आहे' म्हणून सांगायची नाही, आणि बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाच्या हक्काची माहिती आणि कागद त्याला मिळतील असं बघायचं. हे मोडलं तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये दंड, आणि तो साठत साठत घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आणखी एक कलम आहे, ६९. त्याबद्दल आमच्या धंद्यात फारसं कुणी बोलत नाही. गुन्हा कंपनीकडून किंवा फर्मकडून घडला आणि तो कुणाच्या संमतीने, संगनमताने किंवा हलगर्जीपणामुळे झाला असं सिद्ध झालं, तर तो माणूसही दोषी धरला जातो. त्या यादीत संचालक आहे, सचिव आहे आणि 'मॅनेजर' हा शब्दही आहे. पोरगं चुकलं, मला काय माहीत, असं म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. ती नसावीच, असं मलाही वाटतं.

१० जानेवारी २०२३ ला महारेराने आदेश काढून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. २० तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने घेतलेली परीक्षा, आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. मुदत वाढत वाढत १ जानेवारी २०२४ वर येऊन थांबली, आणि ज्यांनी प्रमाणपत्र सादर केलंच नाही अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. आमच्या ऑफिसातला पन्नाशीचा एक माणूस परीक्षेच्या भीतीने धंदा सोडायला निघाला होता. वीस वर्षांचा अनुभव, पण कॉम्प्युटरवर प्रश्न सोडवायचे म्हटलं की हात थरथरायचा. रोज संध्याकाळी अर्धा तास त्याला माऊस धरायला बसवलं. तो पास झाला त्या दिवशी ऑफिसात पेढे त्याने वाटले, पण आनंद मला जास्त झाला होता.

तरीही परीक्षा पास झालेला एजंट म्हणजे लर्निंग लायसन्स मिळालेला ड्रायव्हर. त्याला नियम माहीत आहेत. चांदणी चौकात गाडी अजून घातलेली नाही. खरं शिकणं त्यानंतर सुरू होतं आणि ते मॅनेजरच्या गळ्यात असतं.

माझ्याकडे नवा मुलगा किंवा मुलगी आली की पहिले तीन आठवडे विकायचं काहीच नाही. पहिल्या आठवड्यात फक्त जुन्या एजंटाबरोबर फिरायचं आणि ऐकायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याने बोलायचं, मी शेजारी. तिसऱ्या आठवड्यात मी बरोबर असते, पण गिऱ्हाइकाने मला विचारलं तरी उत्तर त्यानेच द्यायचं. नंतर एकटं सोडायचं. साताऱ्याकडच्या एका मुलीने याचं छान वर्णन केलं होतं. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं विहिरीत पोहायला असंच शिकवतात. आधी पाठीला भोपळा बांधतात, मग भोपळा सोडतात, पण काका काठावर बसलेलेच असतात." मला ते फार पटलं. काठावर बसणं हेसुद्धा कामच आहे. धंद्यात नेमकं तेच होत नाही. सोमवारी घेतलेल्या पोराला मंगळवारी शंभर नंबरांची यादी देतात आणि फोन लाव म्हणतात. दोन महिन्यांत तो निघून जातो आणि 'आजकालची मुलं टिकत नाहीत' असं आपण म्हणत बसतो.

याच मुलीचा एक प्रसंग सांगते, म्हणजे शेजारी बसून शिकवणं म्हणजे काय ते कळेल. दुसरा आठवडा होता. वाकडला टू बीएचके दाखवताना तिने गिऱ्हाइकाला सांगितलं, "सहाशे ब्याण्णव कार्पेट आहे." मी तिथे काही बोलले नाही. गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही दोघी सॅम्पल फ्लॅटमध्येच थांबलो. मी तिला मोबाइलवर महारेराच्या साइटवर त्या प्रकल्पाचं पान उघडायला लावलं. तिथे कार्पेट लिहिलं होतं ५८.२० चौरस मीटर. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात; उत्तर आलं ६२६. मग हे ६९२ आलं कुठून? बाल्कनी वेगळी लिहिली होती, ६.१० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ६६ फूट. बिल्डरच्या सेल्सवाल्याने दोन्हीची बेरीज करून सांगितलेली आणि हिने ती तशीच पुढे ढकललेली. रेराच्या व्याख्येत कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. ६६ फूट म्हणजे घरातली एक छोटी खोली. तेवढी खोली या घरात नव्हतीच.

मग मी पर्समधला टेप काढला आणि बेडरूममधला पलंग मोजायला सांगितला. लांबी साडेपाच फूट भरली. ती हसली आणि लगेच गप्प झाली. खोली मोठी दिसावी म्हणून सॅम्पल फ्लॅटमध्ये आखूड फर्निचर ठेवलेलं मी अनेकदा पाहिलंय. काही ठिकाणी आतल्या दरवाजांची पानंच लावलेली नसतात. मी तिला म्हटलं, "बिल्डर काय मांडतो ते आपल्या हातात नाही. आपण काय सांगायचं ते आपल्या हातात आहे." तिने त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की आकडा बाल्कनी धरून सांगितला होता, कार्पेट ६२६ आहे. फोन करताना तिचा चेहरा रडवेला झाला होता. गिऱ्हाइकाने फ्लॅट घेतला नाही. पण सहा महिन्यांनी आपल्या मेहुण्याला तिच्याकडे पाठवलं. पाठवलं नसतं तरी तो फोन करायचाच होता, हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं, कारण दरवेळी चांगुलपणाचं फळ मिळतंच असं नाही, आणि मॅनेजरने तसं खोटं आश्वासन देऊ नये.

दुसरी गोष्ट मी हातात कागद देऊन शिकवते, ती म्हणजे एकूण खर्च. एजंट म्हणतो, "ऐंशी लाखांचा फ्लॅट." गिऱ्हाईक मनात ऐंशी लाखांचंच गणित मांडतं. पुण्यात बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा फ्लॅट घेतला तर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख. झाले ८९ लाख ९० हजार, आणि यात सोसायटीचा मेंटेनन्स, वकील, फर्निचर काही धरलेलं नाही. खरेदी बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ८० हजार वाचतात; हे कितीतरी एजंट सांगायला विसरतात. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही, हेही. आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. हा जादा खर्च नाही, किमतीतलेच पैसे आहेत, पण भरायचा राहिला तर नोटीस घेणाऱ्याला येते.

यापुढचा प्रश्न खरा: हातात किती लागतील? ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. म्हणजे ६४ लाख बँकेचे. उरलेले १६ लाख आणि वरचे ५ लाख ९० हजार, असे २१ लाख ९० हजार खिशातून, आणि जीएसटी बँक धरते का ते त्या-त्या बँकेला विचारायचं. हे गणित एजंटाने पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकासमोर पेनाने मांडावं, असा माझा आग्रह आहे. एक जोडपं मला आठवतं. दोघंही नोकरदार, बारा लाख साठवलेले. आमच्या एजंटाने त्यांना चार रविवार फिरवलं, त्यांचा एक फ्लॅटवर जीव जडला, आणि गणित पाचव्या रविवारी मांडलं. त्या बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांचे चार रविवार गेले आणि त्यात मनाने सजवलेलं घरही गेलं. तेव्हापासून आमच्याकडे कॉस्ट शीटचा कागद भरल्याशिवाय दुसरी साइट व्हिजिट होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: "मला माहीत नाही, बघून सांगतो" हे म्हणायला शिकवणं. नव्या एजंटाला वाटतं, माहीत नाही म्हटलं की गिऱ्हाईक गेलं. मग तो काहीतरी बोलतो. "पाणी चोवीस तास आहे." "समोर मेट्रो येतेय." "पार्किंग मिळून जाईल." यातल्या प्रत्येक वाक्यावर नंतर कुणीतरी वर्षानुवर्षं भांडतं. उघडं पार्किंग तर विकताच येत नाही, तरी 'पार्किंगचे एवढे' म्हणून ते तोंडी विकलं जातं. आम्ही ऑफिसात शुक्रवारी तासभर तालीम करतो. मी गिऱ्हाईक होते. कधी कोथरूडचे निवृत्त काका, हातात आखीव कागद आणि चाळीस प्रश्न. कधी एक्सेल शीट घेऊन आलेलं आयटीतलं जोडपं. कधी न्यू जर्सीहून रात्री अकराला व्हिडिओ कॉल करणारा मुलगा, ज्याला आईवडिलांसाठी फ्लॅट हवाय आणि मुखत्यारपत्र कसं करायचं ते विचारायचंय. नियम एकच. ज्या उत्तराचा कागद दाखवता येत नाही, ते उत्तर द्यायचं नाही. प्रश्न वहीत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन करायचा. फोन केला की नाही हे मी तपासते. 'बघून सांगतो' म्हणून न सांगणं हे खोटं बोलण्याइतकंच वाईट आहे.

भाड्याच्या व्यवहारांत तर मॅनेजरची जबाबदारी आणखी वाढते. रेराची नोंदणी प्रकल्पातल्या खरेदी-विक्रीसाठी आहे. भाड्याच्या कामावर ती देखरेख नाही. तिथे एजंटाला धरून ठेवणारं ऑफिसशिवाय दुसरं कुणी नसतं. आणि नेमका तिथेच सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे: "करार अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही, नोटरी करून टाकू." हा अकरा महिन्यांचा आकडा येतो १९०८ च्या नोंदणी कायद्यातून, वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही म्हणून. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला नेहमीचा भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

माझ्या टीममधल्या एका मुलाने एका आजींना 'नोटरी चालते' असं सांगितलं होतं. मी मॅनेजर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. भाडेकरूशी डिपॉझिटवरून वाजलं, तो म्हणाला ठरलेलं डिपॉझिट तिप्पट होतं, आणि आजींकडे दाखवायला नोंदवलेला कागद नव्हता. त्या आमच्या ऑफिसात येऊन खुर्चीत बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुमच्या मुलाने सांगितलं म्हणून केलं गं." मी त्या मुलाला त्या दिवशी काहीही बोलले नाही. त्याला हे कलम मी शिकवलंच नव्हतं. मला वाटलं होतं, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. आजींना वकील आम्ही दिला, आणि तेव्हापासून माझ्याकडे 'एवढं माहीत असेलच' या यादीतली प्रत्येक गोष्ट पहिल्या आठवड्यात तोंडी विचारली जाते. आता तर भाडेकरार घरबसल्या आधार आणि बोटाच्या ठशावर ऑनलाइन नोंदवता येतो. टाळायला कारणच उरलेलं नाही.

तोंडी बोलण्याइतकंच मोबाइलवर टाकलेलंही मोजलं जातं, हे पोरांना पटकन लक्षात येत नाही. रात्री एखाद्या ग्रुपवर 'प्री-लाँच ऑफर, फक्त पहिल्या पन्नास जणांना' असं चित्र येतं, आणि सकाळी ते आमच्या एजंटाच्या स्टेटसला असतं. त्यावर महारेराचा 'पी'ने सुरू होणारा नंबर नसतो. नोंदणीआधी जाहिरात करायची नाही हे कलम ३ बिल्डरला सांगतं आणि कलम १० एजंटाला तसला प्रकल्प विकू देत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की महारेराचं पान उघडतं. रोज सकाळी चहाच्या वेळी मी सगळ्यांचे स्टेटस बघते. कुणाला यात पाळत वाटते. मी त्यांना सांगते, हा दंड तुझ्या नावाने येण्याआधी माझ्या डोळ्यांखालून जाऊ दे.

टोकनचंही असंच. रीसेलमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाकडून घर घेताना, मालक म्हणतो, "पन्नास हजार रोख द्या, व्यवहार पक्का." स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो. प्रकल्पात तर नोंदवलेल्या करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ८० लाखांवर ८ लाख. माझ्या एजंटांना कुणाचेही पैसे स्वतःच्या हातात किंवा खात्यात घ्यायला बंदी आहे, एका रात्रीपुरतेसुद्धा.

आता पैशांकडे येते, एजंटाच्या पैशांकडे. मॅनेजरचा आधार म्हणजे पाठीवर हात आणि गोड बोलणं, एवढ्यावर मी समाधानी नाही. एजंटाचं उत्पन्न कसं येतं बघा. गिऱ्हाइकाने दसऱ्याला बुकिंग केलं. करारनामा दिवाळीनंतर नोंदला. मग बँकेचा हप्ता बिल्डरकडे गेला, मग आमचं बिल लागलं, मग ते पास झालं. ब्रोकरेज हातात येईपर्यंत संक्रांत उलटून जाते. या काळात नव्या मुलाचं पेट्रोल, कॉट बेसिसचं भाडं, मेसचे पैसे कुठून येणार? नुसत्या कमिशनवर ठेवलेल्या मुलाला तिसऱ्या महिन्यात एक व्यवहार काहीही करून करायचा असतो. तेव्हाच तो बाल्कनी कार्पेटमध्ये धरतो. तेव्हाच पार्किंग मिळून जाईल म्हणतो. त्याला खोटं बोलू नकोस असं शिकवायचं आणि महिन्याच्या शेवटी उपाशी ठेवायचं, हे एकत्र चालत नाही. म्हणून मी मालकांशी भांडून पहिल्या सहा महिन्यांसाठी ठरावीक पगार आणि पेट्रोल मिळवलं. कुठलं बिल कुठे अडकलंय, याची वही सगळ्यांना उघडी असते. ही वही ठेवणं मला कुठल्याही भाषणापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

"हा क्लायंट माझा" हे भांडण प्रत्येक ऑफिसात होतं. एकाने फोनवर बोलून ठेवलेलं गिऱ्हाईक रविवारी थेट साइटवर येतं आणि दुसऱ्याच्या हाती लागतं. आमच्याकडे ज्याची नोंद रजिस्टरमध्ये आधी, त्याचं गिऱ्हाईक. ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याला ठरलेला वाटा. निर्णय त्याच दिवशी द्यायचा. आणि एक माझं ठाम मत: मॅनेजरने स्वतः विकू नये. जो मॅनेजर विकतो, तो कितीही सज्जन असला तरी चांगला चौकशीचा फोन आला की हात आधी त्याचाच जातो, आणि टीमला ते दिसतं. तसंच आठ-दहापेक्षा जास्त माणसं एका मॅनेजरकडे असू नयेत. पंचवीस जणांच्या शेजारी बसता येत नाही.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. आमचं काम म्हणजे अनोळखी माणसाबरोबर रिकाम्या घरात जाणं. नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी राहायला आलेलं नसतं, लिफ्टमध्ये रेंज नसते. आमचा नियम असा: पहिली भेट ऑफिसात किंवा सोसायटीच्या गेटवर, गिऱ्हाइकाचा नंबर आणि ओळखपत्र नोंदवून, सूर्य मावळल्यावर रिकामा फ्लॅट एकटीने दाखवायचा नाही, लाइव्ह लोकेशन चालू. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त गेलेल्या जागेलाही कामाचंच ठिकाण मानतो, आणि तिथे येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षितता देणंही मालकाचं कर्तव्य ठरवतो. एखादीने "त्या माणसाबरोबर मी परत जाणार नाही" म्हटलं तर कारण विचारायचं नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याचा फोन यापुढे मी घेते.

भाड्यासाठी आणखी एक प्रसंग वारंवार येतो. घरमालक हळूच म्हणतात, "अमक्या समाजाचे नकोत." मग एजंटाला दारात उभ्या असलेल्या मुलाचं आडनाव ऐकून खोटं सांगावं लागतं की फ्लॅट गेला. ते खोटं बोलताना माझ्या पोरांची मान खाली जाते हे मी पाहिलंय. आता मालकाशी मीच बोलते. नोकरीची खात्री, आधीच्या मालकाचा अभिप्राय, पोलिस पडताळणी, सगळं करून देतो म्हणते. तरी अट जात किंवा धर्माचीच असेल, तर ते घर आमच्या यादीत येत नाही.

व्यवहार मोडतो तेव्हा मॅनेजरची खरी गरज लागते. मालकाला शेजारच्या दलालाने दोन लाख जास्त देऊ केले आणि त्यांचा शब्द फिरला. घेणाऱ्याने इकडे बँकेची प्रोसेसिंग फी भरलेली. तेवीस वर्षांच्या मुलाने हा फोन एकट्याने करायचा नसतो. मी करते, तो शेजारी बसून ऐकतो. काय झालं ते जसंच्या तसं सांगायचं, पैसे कधी परत येतील तो दिवस सांगायचा, आणि समोरचा चिडला तर चिडू द्यायचं. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं खाली जाऊन चहा पितो. पुढचा असा फोन तो करतो, मी शेजारी बसते.

पितृपंधरवड्यात आमच्याकडे शुकशुकाट असतो. त्या पंधरा दिवसांत कुणी घराचं बोलत नाही. इतर ऑफिसं तेव्हा सुट्ट्या देतात, मी वर्ग घेते: सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड कसं वाचायचं, इंडेक्स टू या नोंदणीच्या उताऱ्यात काय बघायचं, रीसेलमध्ये सोसायटीला हस्तांतरण प्रीमियम, म्हणजे घर नव्या नावावर करायचे पैसे, २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही हे कसं समजावायचं. वर्षभर अडलेले प्रश्न वहीतून काढतो. नवरात्र बसलं की धावपळ सुरू.

साताऱ्याकडची ती मुलगी गेल्या गुढीपाडव्याआधी पहिल्यांदा एकटी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेली. मी मुद्दाम ऑफिसात बसून राहिले. फोन टेबलावर उलटा ठेवला होता, तरी दर दहा मिनिटांनी सुलटा करून बघत होते. दीड वाजता तिचा फोन आला. "मॅडम, नोंदणी झाली. बाईंच्या पॅनवर माहेरचं आडनाव होतं आणि आधारवर सासरचं, ते गेल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं, म्हणून नावबदलाचा गॅझेटचा कागद बरोबर घ्यायला सांगितला होता. तेवढ्यावरून आमच्या पुढच्या दोघांना परत पाठवलं." मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "विचारण्यासारखं काही नव्हतं." आणि मागून कुणीतरी पेढे घ्या म्हणत होतं, म्हणून तिने फोन ठेवला.